‘ला ग्रांद इल्यूझियों’ : युद्धकैद्यांच्या छावणीत वर्ग मोठा की राष्ट्र?

प्रश्न – चित्रास्वाद

आमच्या गावातील वाचनालयात अधूनमधून एखादा जुना चित्रपट दाखवून त्यावर चर्चा केली जाते. गेल्या वेळी फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार यांचा १९३७ सालचा युद्धकैदीपट ‘ला ग्रांद इल्यूझियों’ दाखवला. चर्चा रंगली, परंतु मूळ मुद्द्यावर शेवटपर्यंत एकमत झाले नाही, म्हणून तो येथील जाणकारांपुढे मांडत आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात टेहळणीसाठी निघालेले एक फ्रेंच विमान राउफेनश्टाइन नावाचा जर्मन वैमानिक पाडतो. विमानातील दोघांपैकी कॅप्टन ब्वाल्द्यो हा पिढीजात उमराव आहे, तर लेफ्टनंट मारेशाल हा कारागिरीतून वर आलेला साधा माणूस आहे. विमान पाडणारा राउफेनश्टाइनही उमरावच असल्यामुळे तो या दोघांना सन्मानाने जेवायला बोलावतो. पुढे छावणीत त्यांना रोझेन्थाल हा श्रीमंत ज्यू अधिकारी भेटतो. सर्वजण मिळून भुयार खणतात, परंतु ते पूर्ण होताच त्यांची बदली होते. अखेरीस हे तिघे विंटर्सबोर्न नावाच्या डोंगरी किल्ल्यात येऊन पोहोचतात आणि तेथील मुख्य अधिकारी म्हणून पुन्हा राउफेनश्टाइनच समोर येतो. आता मात्र त्याच्या शरीराची राखरांगोळी झाली आहे, मान पट्ट्यात जखडली आहे आणि जळालेले हात पांढऱ्या हातमोज्यांत झाकलेले आहेत. मारेशाल आणि रोझेन्थाल यांना पळून जाता यावे म्हणून ब्वाल्द्यो पहारेकऱ्यांचे लक्ष स्वतःकडे वेधतो आणि राउफेनश्टाइनच्या गोळीने मरतो.

आमच्यातील काहींचे म्हणणे असे पडले की शत्रुपक्षांतील दोन अधिकाऱ्यांमधील हा जिव्हाळा हेच चित्रपटाचे हृदय आहे आणि माणुसकीला सीमा नसते हेच दिग्दर्शकाला त्यातून सांगायचे आहे. इतरांना ते मुळीच पटले नाही. त्यांच्या मते हा जिव्हाळा माणुसकीचा नसून खानदानाचा आहे, आणि दिग्दर्शक मावळत्या उमरावशाहीसाठी अश्रू ढाळत आहे. आमच्यातील एक निवृत्त सुभेदार सर्व वेळ शांत बसून होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “यात शिपाई कुठे आहेत?” त्यावर कोणालाच उत्तर सुचले नाही.

तर माझे प्रश्न असे आहेत. हा चित्रपट उमरावशाहीचा शोक करतो का? १९३७ साली तो ज्या परिस्थितीत निर्माण झाला, तिचा त्याच्या आशयाशी काय संबंध आहे? आणि सुभेदारांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

उत्तर – अनुराधा म.

आपण पहिल्या प्रश्नात मांडलेल्या दोन्ही बाजू एकाच दृश्यात सामावलेल्या आहेत, आणि ते दृश्य आपण दाखवलेल्या चित्रपटात अगदी सुरुवातीलाच येते. विमान पडल्यानंतरच्या त्या भोजनाच्या वेळी टेबलाच्या एका टोकाला राउफेनश्टाइन आणि ब्वाल्द्यो एका सामायिक परिचिताविषयी बोलत आहेत. तो ब्वाल्द्योचाच नातेवाईक निघतो. त्याच टेबलावर मारेशाल हात जायबंदी झाल्यामुळे ताटातील मांस कापू शकत नाही. शेजारचा जर्मन ते पाहतो, काही न बोलता त्याचे मांस कापून देतो आणि मग आपण लियाँमधील एका कारखान्यात काम केल्याचे सांगतो. कारखान्याचे नाव ऐकताच मारेशालचा चेहरा खुलतो, कारण तोही त्याच क्षेत्रातला आहे. म्हणजे उमरावांची ओळख देशाच्या सीमा ओलांडते, तशीच कामगारांचीही ओलांडते. फरक एवढाच की पहिल्या ओळखीत घराण्यांची नावे येतात आणि दुसऱ्या ओळखीत एकाच्या कामी दुसऱ्याचे हात येतात. ज्यांना केवळ उमरावांची मैत्री दिसली त्यांनी हे दृश्य पुन्हा पाहावे असे मला मनापासून वाटते.

शोकाबद्दल सांगायचे तर शोक राउफेनश्टाइन करतो, चित्रपट करत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. किल्ल्यातील झडतीचा प्रसंग आठवून पाहा. शिपाई खोलीतील सामान उलथेपालथे करत असताना राउफेनश्टाइन केवळ ब्वाल्द्योची झडती थांबवतो आणि खोलीत नियमबाह्य काही नाही असे त्याच्याकडून वचन मागतो. ब्वाल्द्यो वचन देतो, आणि मग विचारतो की माझेच वचन का, माझ्या सोबत्यांचे का नाही. रोझेन्थाल आणि मारेशाल यांच्या शब्दाला काय किंमत, असा राउफेनश्टाइनचा सूर असतो. त्यांचा शब्दही आपल्या शब्दाइतकाच मोलाचा आहे, हे ब्वाल्द्यो त्याला शांतपणे सुनावतो. पळून जाण्यासाठी तयार केलेला दोर त्या वेळी खिडकीबाहेर लटकवलेला आहे, म्हणजे खोलीत तो खरोखरच नाही. वचन अक्षरशः खरे आहे आणि तरीही ज्या सभ्यतेवर ते वचन उभे आहे, ती सभ्यता मात्र ब्वाल्द्योने सामान्य माणसांच्या सुटकेसाठी खर्ची घातली आहे. आपल्या वर्गाची नियमावली त्याला मुखोद्गत आहे, म्हणूनच ती तिच्याच विरुद्ध वापरणे त्याला जमते.

मरणशय्येवरील संवादात तो म्हणतो त्याचा आशय असा की सामान्य माणसासाठी युद्धात मरणे ही शोकांतिका असेल, परंतु तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी तो सुटकेचा चांगला मार्ग आहे. त्याच्या मृत्यूनंतर राउफेनश्टाइन खिडकीतील जिरेनियमचे फूल कात्रीने तोडतो, आणि त्या किल्ल्यात तेवढे एकच फूल होते हे आपल्याला आधीच सांगून झालेले आहे. राउफेनश्टाइनची भूमिका करणाऱ्या एरिक फॉन श्ट्रोहाइम यांनी ती कात्री ज्या ताठरपणे हातात धरली आहे, तिच्यात त्या माणसाचे सर्व दुःख आहे आणि त्या दुःखाचा निरुपयोगही आहे. रेन्वार त्याला हा क्षण आदराने देतात आणि लगेच बर्फातून लंगडत चाललेल्या दोन पळपुट्या कैद्यांकडे वळतात. चित्रपटाचा उरलेला सगळा वेळ त्या दोघांचा आहे. दिग्दर्शकाला जर उमरावशाहीचे सुतक पाळायचे असते, तर त्याने चित्रपट त्या फुलावर संपवला असता.

उत्तर – सातारकर

आपल्या सुभेदारसाहेबांना माझा नमस्कार सांगावा. त्यांनी विचारलेला प्रश्न चित्रपटाविषयीच्या अनेक लेखांमध्ये मला कुठेही सापडला नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत आधी विचारायला हवा.

या चित्रपटातील छावण्या अधिकाऱ्यांच्या आहेत. मारेशाल कामगार असला तरी हुद्द्याने लेफ्टनंट आहे, आणि म्हणूनच तो तेथे आहे. युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या १९०७ सालच्या हेग नियमावलीनुसार युद्धकैद्यांकडून त्यांच्या हुद्द्याप्रमाणे आणि कुवतीप्रमाणे काम करून घेण्याचा अधिकार पकडणाऱ्या राष्ट्राला होता, परंतु त्यातून अधिकाऱ्यांना स्पष्टपणे वगळले होते. अधिकाऱ्यांना पगारही चालू राहत असे. भुयार खणायला, नाटक बसवायला, घरून आलेल्या डब्यांतील पदार्थ वाढून पंगत घालायला आणि पत्ते खेळायला त्यांना जो वेळ मिळतो, तो या नियमाने दिलेला आहे. मारेशाल शिपाई असता तर खाणीत, शेतात किंवा रेल्वेच्या मार्गावर राबत असता. चित्रपटात वर्गभेद गळून पडताना दिसतो हे खरे. पण तो गळून पडतो तो एका रेषेच्या वरच, आणि त्या रेषेखाली कॅमेरा फारसा उतरत नाही.

रेषेखाली काय होत होते हे आपल्याच लोकांच्या उदाहरणाने सांगतो, कारण त्याच युद्धात ते घडले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीकाठच्या कुट-अल-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली होती. त्या डिव्हिजनमध्ये १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फन्ट्री तसेच ११७ मराठा या तिन्ही पलटणी होत्या, म्हणजे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची घरटी पोरे तेथे होती. अन्न संपले, घोडे आणि खेचरे कापून खाण्याची वेळ आली, आणि घोड्याचे मांस खावे की नाही या धर्मसंकटात अनेक हिंदी शिपाई अधिकच खंगले. जवळपास पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी मेजर जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली आणि सुमारे १३,००० माणसे तुर्की सैन्याच्या कैदेत गेली.

त्यानंतर जे झाले ते या चित्रपटाशेजारी ठेवून पाहावे. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सन्मानाने ठेवले गेले, आणि युद्ध संपेपर्यंत ते तेथे बऱ्यापैकी सुखात राहिले. बहुतेक अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेले. शिपायांना मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर, उपाशीपोटी आणि आजारी अवस्थेत, वाळवंटातून चालवत नेले. जे वाटेत पडले ते तेथेच राहिले. जे पोहोचले त्यांतील पुष्कळांना रास अल-ऐन आणि आसपासच्या टप्प्यांवर बगदाद रेल्वेच्या बांधकामाला जुंपले. हजारो कैदी परत आले नाहीत. शत्रूच्या सेनापतीशी हस्तांदोलन करणारा सभ्यपणा तेथेही होता. राउफेनश्टाइनला तो अगदी ओळखीचा वाटला असता. मात्र तो हुद्द्यापाशी थांबत होता.

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गावात त्या महायुद्धाचे स्मारक आहे. कोकणात आणि देशावर अनेक गावांत इंग्रज सरकारने बसवलेल्या दगडी पाट्या आजही चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत दिसतात. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. नावे नसतात. कैदेत किती वर्षे गेली हे तर नसतेच. म्हणून सुभेदारांना माझे उत्तर असे आहे की शिपाई या चित्रपटात पहारेकरी म्हणून आहेत, झाडू मारताना आहेत, आणि कैदी म्हणून जवळजवळ नाहीत. हा चित्रपट मला अतिशय प्रिय आहे आणि या उणिवेसकट प्रिय आहे, परंतु त्याला सर्व युद्धकैद्यांची कहाणी मानणे अन्यायाचे होईल.

प्रतिसाद – चित्रास्वाद

सातारकर, आपले उत्तर सुभेदारांना वाचून दाखवीन. त्यांचे आजोबा मराठा पलटणीत होते, त्यामुळे त्यांच्या मनात कुटचाच विचार असावा असे आता वाटते. १९३७ सालच्या संदर्भाविषयी कोणी लिहू शकेल का? रोझेन्थालच्या पात्राविषयी आमच्याकडे विशेष मतभेद झाले. तो श्रीमंत सावकारी घराण्यातला दाखवणे हेच मुळात पूर्वग्रहाला खतपाणी घालणारे आहे, असे एका सदस्या म्हणाल्या.

उत्तर – वाटसरू

सातारकर यांच्या लेखनातील तथ्यांशी मी सहमत आहे. त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाला मात्र एक पुरवणी जोडावी लागेल. चित्रपटात वसाहतीचा माणूस अगदीच नाही असे नाही. विंटर्सबोर्नच्या खोलीत आफ्रिकेच्या वसाहतीतून आलेला एक कृष्णवर्णीय अधिकारी आहे. तो एक चित्र रेखाटत असतो. गुन्ह्याचा पाठलाग करणारा न्याय असा त्याचा विषय आहे. चित्र पूर्ण झाल्यावर तो ते उत्साहाने सोबत्यांना दाखवतो. कोणी नीट पाहतही नाही. एक-दोन क्षणांचा हा प्रसंग आहे आणि पुढे त्याचा कुठेही उल्लेख येत नाही. दिग्दर्शकाने हे जाणीवपूर्वक केले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, परंतु न्यायाचे चित्र हातात धरून उभा असलेला तो माणूस आणि त्याच्याकडे न पाहणारे त्याचे फ्रेंच सोबती यांना पडद्यावर पाहिले की सातारकर सांगतात ती रेषा डोळ्यांसमोर उभी राहते.

त्या युद्धातील हिंदी कैद्यांच्या वाट्याला जर्मनीत आणखी एक वेगळाच अनुभव आला. बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडोर्फ येथील ‘अर्धचंद्र छावणी’त ब्रिटिश आणि फ्रेंच वसाहतींमधील कैद्यांना मुद्दाम वेगळे ठेवले गेले. त्यांच्यासाठी तेथे मशीद बांधली गेली, ब्रिटिशांविरुद्ध उठावाचा प्रचार झाला, आणि बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारकांच्या समितीने तेथील हिंदी कैद्यांशी संपर्क ठेवला. जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचे आवाजही ध्वनिमुद्रित केले, जे आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात जपलेले आहेत. म्हणजे कैद्याची संस्कृती हाच राजकारणाचा कच्चा माल झाला होता. रेन्वार यांच्या छावण्यांत संस्कृती कैद्यांच्या स्वतःच्या हाती आहे: ते नाटक बसवतात, गाणी गातात, भूगोलावर आणि प्राचीन कवींवर वाद घालतात. झारिनाने, म्हणजे रशियाच्या सम्राज्ञीने, रशियन कैद्यांसाठी पाठवलेली पेटी मोठ्या आशेने उघडली जाते, तिच्यातून खाद्यपदार्थांऐवजी व्याकरणाची, बीजगणिताची आणि पाककृतींची पुस्तके निघतात, आणि संतापलेले उपाशी लोक ती पेटवून देतात. वरून आलेली संस्कृती आणि खालून उगवलेली संस्कृती यांतील हा फरक मला फार बोलका वाटतो.

आता १९३७ विषयी. १९३६ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये डाव्या पक्षांच्या ‘लोकआघाडी’ने निवडणूक जिंकली आणि लेआँ ब्लुम पंतप्रधान झाले. ते फ्रान्सचे पहिले ज्यू पंतप्रधान होते आणि त्यांच्याविरुद्ध उजव्या वृत्तपत्रांनी अत्यंत विखारी मोहीम चालवली होती. रेन्वार त्या काळात डाव्या चळवळीच्या निकट होते. चित्रपट जून १९३७ मध्ये प्रदर्शित झाला, त्याच महिन्यात ब्लुम यांचे मंत्रिमंडळ कोसळले. या पार्श्वभूमीवर रोझेन्थालला पाहिले पाहिजे.

तो श्रीमंत आहे हे खरे. परंतु पूर्वग्रह ज्याला कंजूष म्हणतो, तोच माणूस येथे घरून आलेले उत्तम अन्न सगळ्या खोलीला वाढतो आणि सर्वजण त्याच्याच जीवावर जेवतात. पूर्वग्रह ज्याला परका म्हणतो, तो आपल्या कुटुंबाची सरमिसळ मोकळेपणाने सांगतो आणि फ्रान्सच्या मातीचा तुकडा आपल्याही मालकीचा आहे याचा अभिमान लपवत नाही. पूर्वग्रह चित्रपटात आहे, आणि तो चांगल्या माणसाच्या तोंडी आहे, हे त्याचे बळ आहे. पलायनाच्या वाटेवर रोझेन्थालचा पाय मुरगळतो, अन्न संपत येते, थंडीने दोघे बेजार होतात, आणि मग मारेशालच्या तोंडून ज्यूंविषयीचा जुना तिरस्कार शिवी होऊन बाहेर पडतो. तो रोझेन्थालला टाकून निघूनही जातो. दगडावर एकटा बसलेला रोझेन्थाल रागाने एक बालगीत मोठमोठ्याने गाऊ लागतो. हे तेच गीत आहे, जे ब्वाल्द्योने मरण्यापूर्वी बासरीवर वाजवले होते. दूर गेलेला मारेशालही नकळत तेच गुणगुणू लागतो, मग थांबतो. पुढच्या क्षणी पडद्याच्या कडेने त्याचा कोट आत शिरतो. माफी कोणी मागत नाही. आपल्या सदस्या ज्या धोक्याकडे बोट दाखवतात तो खरा आहे, परंतु येथे दिग्दर्शकाने त्याकडे डोळेझाक केलेली नाही.

एल्साच्या शेतघरातील प्रसंग याच राजकारणाचा दुसरा भाग आहे. या दोघांना आसरा देणारी ही जर्मन शेतकरी विधवा भिंतीवरची छायाचित्रे दाखवत सांगते की नवरा व्हर्डनला मारला गेला, भाऊ लिएज, शार्लरुआ आणि टानेनबर्गला. आणि ही सगळी जर्मनीच्या मोठ्या विजयांची नावे आहेत, असेही ती पुढे जोडते. मग तिची नजर जेवणाच्या टेबलाकडे जाते. ते आता फार मोठे झाले आहे. विजयाची इतकी कठोर हजेरी घेणारे दुसरे दृश्य मी पाहिलेले नाही. नाताळच्या रात्री तिच्या लहान मुलीसाठी येशूच्या जन्माचा देखावा हे दोघे मांडतात, त्यात एक ज्यू आहे, आणि तो ज्यूच येशू आपल्याच वंशातला असल्याची आठवण करून देतो. नाझी राजवटीने या चित्रपटावर बंदी घातली यात नवल नाही.

उत्तर – अनुराधा म.

वाटसरू यांनी १९३७ चा संदर्भ फार चांगला उलगडला आहे. मला एकाच बाबतीत वेगळे म्हणायचे आहे. बंदीचा उल्लेख आला की हा चित्रपट सरळ युद्धविरोधी म्हणून गणला जातो, आणि मग त्यातील देशभक्तीकडे दुर्लक्ष होते. कैद्यांच्या नाटकाचा प्रयोग चालू असताना मारेशाल धावत रंगमंचावर येतो आणि व्हर्डनजवळचा दुओमोंचा किल्ला फ्रेंचांनी परत घेतल्याचे जाहीर करतो. स्त्रीवेशातील एक इंग्रज अधिकारी डोक्यावरचा केसांचा टोप काढतो, वादकांना फ्रान्सचे राष्ट्रगीत वाजवायला सांगतो आणि सर्वजण सावधान उभे राहून ते गातात. कॅमेरा एका ओघात त्या चेहऱ्यांवरून फिरतो. आमच्या पिढीतील कोणाच्याही अंगावर त्या वेळी काटा येतो, माझ्याही आला. परंतु थोड्याच वेळाने तोच किल्ला पुन्हा जर्मनांनी घेतल्याची बातमी येते, आणि एकांतकोठडीत वेडापिसा झालेला मारेशाल आपली भाषा बोलणारा कोणीतरी मला हवा म्हणून आक्रोश करतो. त्याला शांत करतो तो म्हातारा जर्मन पहारेकरी, जो त्याच्याजवळ एक माउथ ऑर्गन ठेवून निघून जातो. सातारकर, रेषेखालचा शिपाई येथे आहे, आणि चित्रपटातील सर्वांत निरपेक्ष कृत्य त्याच्या हातून घडते. कैदी शिपाई दिसत नाही, हे आपले म्हणणे मात्र यामुळे खोटे ठरत नाही.

रेन्वार स्वतः त्या युद्धात पायाला गोळी लागून जखमी झाले होते आणि नंतर टेहळणी विमानांवर होते. मारेशालच्या भूमिकेत ज्याँ गाबँ यांनी घातलेला गणवेशाचा कोट रेन्वार यांचाच होता. राष्ट्रगीताने त्यांचाही ऊर भरून येत असणार. म्हणून ते देशभक्तीची टर उडवत नाहीत. ती खरी आहे हे मान्य करून, तिच्या नावाने दोन बाजूंनी एकाच उजाड किल्ल्यासाठी किती माणसे खर्ची पडली हे ते दाखवतात. १९४० मध्ये फ्रान्स पडले आणि सुमारे १८ लाख फ्रेंच सैनिक जर्मनांच्या कैदेत गेले. त्यांतील बहुसंख्य शिपाई होते आणि त्यांनी १९४५ पर्यंत जर्मन शेतांत व कारखान्यांत राबून दिवस काढले. युद्धानंतर १९४६ मध्ये हा चित्रपट पुन्हा लागला तेव्हा तो जर्मनांविषयी फार मवाळ आहे आणि ज्यूंविषयी पूर्वग्रहदूषित आहे असे दोन्ही आक्षेप फ्रान्समध्ये घेतले गेले, हे त्यामुळे समजण्यासारखे आहे.

आपण पुन्हा हा चित्रपट दाखवणार असाल तर मूळ निगेटिव्हवरून पुनर्संस्कारित केलेली प्रत मिळवावी. ती निगेटिव्ह नाझींनी पॅरिसहून बर्लिनला नेली, तेथून ती सोव्हिएत सैन्याबरोबर मॉस्कोला गेली आणि पुढे तुलूझच्या चित्रसंग्रहालयात पोहोचली. ती मूळ निगेटिव्हच आहे हे मात्र १९९० च्या दशकात लक्षात आले. त्या प्रतीत बर्फाच्छादित शेवटची दृश्ये इतकी स्वच्छ दिसतात की, पळून जाणारे दोघे स्वित्झर्लंडच्या हद्दीत पोहोचले आहेत म्हणून बंदूक खाली करायला लावणारा जर्मन शिपाईही नीट पाहता येतो. सुभेदारांना तो जरूर दाखवा.